डेन्मार्कच्या बाईंचा तास

वर्गात प्रश्न विचारणारा विद्यार्थी शालिकराम मोहुर्ले यांनी आजवर पाहिला नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रारही नव्हती. चांद्याच्या नव्या कॉलेजात ते भूगोल शिकवत. शिकवत म्हणजे काय करत, तर आपली टिपणं सावकाश वाचत आणि पोरं ती उतरवून घेत. सर खोकले की लेखण्या थांबत, खोकला संपला की पुन्हा चालू. मधेच सर विचारत, "समजलं?" वर्ग म्हणे, "हो सर." खरं सांगू का, या 'हो सर'वर कॉलेजं चालतात. आमच्या झाडीत, म्हणजे चांद्याकडच्या या जंगलमुलखात, मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं. बापाला कोणी विचारून पाहावं की तुम्ही असं का म्हणता? बाप जे उत्तर देतो ते कोणत्या पुस्तकात छापता येत नाही.

अशा या सुखाच्या संसारात अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात डेन्मार्क देश शिरला.

प्राचार्य देवस्थळी पुण्याकडचे. त्यांनी मोहुर्लेसरांना बोलावलं आणि खुर्चीत बसायला सांगितलं. तेव्हाच सर सावध झाले, कारण प्राचार्य बसा म्हणाले की काहीतरी गळ्यात पडतं हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

"डेन्मार्कहून एक प्राध्यापिका येताहेत. डॉक्टर होल्म. विद्यापीठांची आपसांत काही योजना आहे. दोन देशांचे दोन शिक्षक मिळून एकच वर्ग शिकवतात. आपल्याकडून तुमची निवड झाली आहे."

"कोणी केली, सर?"

"मी. दुसरं कोणी तयार नव्हतं."

सर कसनुसं हसले. प्राचार्य मात्र हसले नाहीत. "मोहुर्ले, तुम्ही चार वर्षं तात्पुरते आहात. तुम्हाला कायम करण्याचा विषय या महिन्यात संस्थेच्या मंडळापुढे आहे. तास चांगला झाला तर मी तुमच्यासाठी दोन शब्द बोलेन. वाईट झाला तर मला बोलावंच लागणार नाही."

हे ऐकून ज्याची झोप उडणार नाही तो माणूस तात्पुरता नव्हेच. दर उन्हाळ्यात नोकरी राहते की जाते या धाकानं सरांच्या घरात जड वस्तू म्हणून घेतलेली नव्हती. त्यांच्या बायको कुंताबाई चटणी वाटायला शेजारच्या सोनीबाईंच्या पाट्यावर जात. कुरखेड्याकडच्या सासुरवाडीत मात्र जावई प्रोफेसर आहे असं सांगून तीन मेव्हण्यांची लग्नं जमली होती. जावई उद्या नोकरी जाऊन शेताच्या बांधावर उभा दिसला तर त्या तीन सुनांच्या माहेरी काय तोंड दाखवायचं, हा विचार सरांना जेवताना सुद्धा सोडत नसे.

त्यात बाईंचं पत्र आलं. साधं, गोड पत्र. मी भाषण करणार नाही, विद्यार्थी प्रश्न विचारतील. मोठं धरण बरं की गावोगावचे तलाव बरे, हा विषय घेऊ. एक बाजू मी घेईन, दुसरी तुम्ही घ्या. विद्यार्थ्यांसमोर आपण दोघं मनमोकळं भांडू.

"भांडू?" कुंताबाईंनी विचारलं. "अजी, बाई आपल्या घरची पाहुनी. तिच्यासंगं तुमी चारचौघात भांडान?"

ही बातमी पाट्यावरून सोनीबाईंकडे गेली आणि सोनीबाईंकडून सगळ्या आळीत. मग सल्ले सुरू झाले. सोनीबाई म्हणाल्या, आल्याबरोबर पाहुणीला साडीचोळी द्या, मग ती भांडणारच नाही. तहसिलातून निवृत्त झालेले सोमाजीभाऊ अनुभवी. ते म्हणाले, "सर, सरळ आजारी पडा."

"कोणता आजार, भाऊ?"

"मुदतीचा ताप. त्याची मुदत आपल्या हातात राह्यते. बाईची गाडी सुटली का उतरते."

सरांनी खरोखर एक दिवस तसा विचार केला. कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ थंडगार. ऐन वेळी शरीरही आपल्या बाजूनं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हिंमत केली. टिपणं मिटली आणि म्हणाले, "आज तुम्ही मला प्रश्न विचारायचे." कोणी नखं पाहतं, कोणी छताकडं पाहतं. शेवटी कुरखेड्याचा मंगरू उभा राहिला. अंगानं दांडगा, मनानं भित्रा.

"सर, कोणता विचारू?"

"कोणताही विचार रे."

मंगरूनं बराच विचार केला. "सर, तुमीच सांगून द्या ना. मी उतरून घेतो."

सर घरी आले ते थेट खाटेवर पडले. तिथंच त्यांना भेटायला डोमा आला. डोमा म्हणजे सोनीबाईंचा नवरा, लाकडाच्या डेपोत कारकून. पण ते पोटापुरतं. खरा डोमा नाटकवाला. आमच्याकडे धानाची मळणी झाली की गावोगाव नाटक उभं राहतं. त्यात कोणी काय सोंग घेतलं होतं ते लोक पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. सोयरीक जुळवताना सुद्धा 'त्याचा आजा सेनापती होता' म्हणतात, म्हणजे नाटकातला. अशी गावंच्या गावं डोमानं बसवली होती. त्यानं सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"सर, तुमी काऊन भेऊन राह्यले? हे तं नाटकच हाये! दोघं भांडते, बाकीचे मधामधात बोलते, शेवटी एक जन हारते. पन तालमीबिगर कोनी उभं राह्यते काय?"

पुण्याच्या माणसाला यातली खोट तिथंच दिसली असती. पण सर त्याच मातीतले. लहानपणी त्यांनी स्वतः दोनदा राजकन्येचं काम केलेलं होतं. त्यांना वाटलं, देवच डोमाच्या तोंडून बोलला.

आणि कॉलेजच्या मागच्या खोलीत तालमी सुरू झाल्या! युरोपातली बाई म्हणजे सिमेंटच्या बाजूनं असणार, हे सरांनी धरूनच टाकलं. तेव्हा बाई मोठ्या धरणाची बाजू घेणार, सर तलावांची. शेवटी सर नमतं घेणार, कारण पाहुणीला हरवणं शोभत नाही. डोमानं संवाद बांधले. बाईंचं काम तालमीपुरतं डोमानंच घेतलं. डोक्यावर कोणाची तरी हॅट चढवून तो असा काही गरजायचा की सरांना आपली वाक्यं आठवेनाशी व्हायची.

पोरांना कामं वाटली तशी नवी डोकेदुखी. आमच्याकडे काम लहान मिळालं की अपमान. पोचू हा तलावात मासे धरणाऱ्या घरचा पोरगा. तो फुरंगटला. "मंगरूले चार प्रश्न अन् मले एकच काऊन?" त्याला माशांवर आणखी एक दिला. मग बाकीचे आले. एकानं तर धरणाच्या पाण्यात बुडून मरायचा प्रवेश मागितला. सरांनी त्याला समजावलं की बाबा, हा तास आहे, इथं मरता येत नाही. वर्गात एकच मुलगी, रंभा. आलापल्लीच्या रेंजरसाहेबांची. नागपूरला मावशीकडे शिकलेली, इंग्रजी फडाफड वाचणारी. तिला एक वाक्य होतं, 'बाई, तुमच्या देशात तलाव आहेत काय?' तेवढं ती दर तालमीला चोख म्हणायची आणि खाली बसायची. तिच्या कपाळावरची आठी सरांना दिसायची, पण आठीला काम दिलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

गावात व्हायचं तेच झालं. सरांचं नाटक आहे, अन् त्यात गोरी बाई आहे! पोरांचे मामे, काके, आत्या निरोप पाठवू लागले. प्राचार्यांना वाटलं, काय ही लोकांची शिक्षणाची ओढ! वर्ग पुरायचा नाही म्हणून त्यांनी आवारात मांडव घालायला सांगितला. सरांनी तो मांडव चढताना पाहिला. आधी फजिती वीस-पंचवीस पोरांपुढे होणार होती, आता सगळ्या जिल्ह्यापुढे होणार!

बाई आल्या. उंच, पिकल्या केसांच्या, पायांत चपला. स्टेशनवर हारतुरे झाले तशा म्हणाल्या, मला आधी इथला तलाव दाखवा. रामाळा तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, त्या संध्याकाळ होईस्तोवर बसल्या. धुणं धुणाऱ्या बायांशी खुणांनी बोलल्या, जाळं टाकणाऱ्याला हसल्या. सर मागं उभे. धीर करून त्यांनी इंग्रजीत विचारलं, उद्या आपण कोणती बाजू घेणार?

"आत्ताच सांगितलं तर मजा काय उरली?" बाई म्हणाल्या.

बाईंना मजा हवी होती. सरांना नोकरी हवी होती. दोन देशांत फरक हा असा.

तासाच्या दिवशी सोनीबाई बहिणीला घेऊन सकाळपासूनच चटई टाकून बसल्या होत्या. कुरखेड्याहून छकडे आले होते. पुढच्या खुर्च्यांवर संस्थेचे अध्यक्ष मुखरूजी, तांदळाच्या गिरणीचे मालक. त्यांच्या बाजूला प्राचार्य आणि इंग्रजी जाणणारी दोन-चार प्राध्यापक मंडळी. बांबूच्या चौकटीवर हिंदुस्थानचा मोठा नकाशा लटकवलेला. त्या नकाशामागे, साधारण हैदराबादच्या उंचीला तोंड करून, संवाद हातात घेतलेला डोमा.

बाई इंग्रजीत बोलणार, सर त्याचं मराठी करणार, असं ठरलेलं. बाई उठल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "काल मी तुमचा तलाव पाहिला. ज्यांनी तो शेकडो वर्षांपूर्वी बांधला त्यांना शिकवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. मी आज तलावांच्या बाजूनं उभी आहे. धरणाची बाजू प्रोफेसर मोहुर्ले घेतील."

सरांना वाटलं, पायाखालची जमीनच सरकली. तलावांची बाजू ही तर त्यांची! तोंडपाठ, हातवाऱ्यांसकट! धरणाचं त्यांना एक अक्षर येत नव्हतं. ते सगळं डोमाजवळ. मंगरू पहिला प्रश्न घेऊन खुर्चीच्या टोकाला आलेला, अध्यक्ष कानाला हात लावून बसलेले. नकाशातून आवाज आला, "बाई म्हनते, मोठं धरन बांधल्याबिगर..."

बुडत्याला काडीचा आधार. सर घसा खाकरून म्हणाले, "बाई म्हणतात, मोठं धरण बांधल्याशिवाय देशाचं भलं होणार नाही."

झालं! वाक्य पडल्याबरोबर मंगरू उसळला. "मंग आमची गावं बुडतीन, त्याचं काय?" टाळ्या! बाईंनी सरांना विचारलं, मुलगा काय म्हणतो? सर म्हणाले, तो विचारतो की तलावाची डागडुजी कोण करतं? बाई खूश झाल्या. गावानं एकत्र येऊन गाळ काढावा, पाळ बांधावी, याबद्दल त्या कितीतरी वेळ मायेनं बोलल्या. सरांनी नकाशाकडे कान दिला आणि मराठी केलं. "बाई म्हणतात, बुडू द्या तुमची गावं. वीज तर मिळेल!"

"अरे बाप्पा!" सोनीबाई मोठ्यानं म्हणाल्या. "पाहुनी असून अशी बोलते?"

आणि बाई तर गोड हसत मान डोलावत होत्या. ते हसणं पाहून लोक जास्तच चिडले. मग सरांनी आपलं तलावांवरचं भाषण केलं. भाषण असं रंगलं की मंगरूचा मामा उठून ओरडला, "सराच्या बोलन्याले माह्याकडून बक्षीस!" मागून आरोळी आली, "वन्स मोअर!" मांडवभर तेच. आमच्याकडे वन्स मोअर मागितला की द्यावा लागतो. न दिला तर खेळ पुढे जाऊ देत नाहीत.

"काय मागताहेत हे?" बाईंनी विचारलं.

"मी तेच पुन्हा बोलावं म्हणतात."

"इतकं पटलं त्यांना?"

"नाही मॅडम, इथली रीत आहे."

सर पुन्हा बोलले. घामानं सदरा पाठीला चिकटला. इंग्रजी जाणणाऱ्या प्राध्यापकांनी माना खाली घातल्या होत्या. प्राचार्य आपल्या बुटाच्या नाड्यांकडे फार बारकाईनं पाहत होते. पहिल्या वाक्यापासून त्यांना सगळं कळलेलं होतं, पण भर सभेत बोलणं म्हणजे कॉलेजची अब्रू घालवणं. मागचे लोक बाईंकडे आता सरळ डोळे वटारून बघू लागले. एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "हिले गाडीत बसवून द्या!" सरांच्या मनात आलं, देवा, नोकरी गेली ती गेलीच, पण या भल्या बाईला मी काय करून ठेवलं! यातून बाहेर कसं पडायचं ते त्यांना सुचेना. नकाशामागून डोमा पुढचं वाक्य लोटतच होता.

आता रंभाची पाळी होती. ती उभी राहिली. सर मनात म्हणाले, बोल पोरी, तुमच्या देशात तलाव आहेत काय, बोल आणि खाली बस.

"सर," रंभा म्हणाली, आणि तिचा आवाज कापत होता, "बाई असं म्हणाल्याच नाहीत. बाई तर पहिल्यापासून तलावाच्याच बाजूनं बोलून राह्यल्या. तुम्ही उलटं काऊन सांगता?"

तेवढ्यात नकाशामागून घाबरा आवाज आला, "हे वाक्य नाई! हे वाक्य नाई!"

सरांना पहिल्यांदा राग आला. काल-परवाची पोर, माझ्या वर्गातली, आणि साऱ्या जिल्ह्यापुढे मला खोटं पाडते! कानाच्या पाळ्या तापल्या. बाई विचारत होत्या, काय म्हणाली ती? इतकी भिऊन काय म्हणाली? मराठी बाईंना येत नव्हतं. आणखी एक खोटं खपून गेलं असतं. रंभा एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलायला ती तोंड उघडणार नाही, हे सरांना तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. अध्यक्ष बघत होते. प्राचार्यांनी नाड्यांवरची नजर उचलली होती. सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत वर्गानं आपल्याला विचारलेला हा पहिला प्रश्न, आणि याचं उत्तर आपल्याला अगदी पक्कं माहीत आहे.

"ती म्हणते, मी खोटं सांगतोय," सर बाईंना म्हणाले. "आणि ती खरं बोलतेय." मग वळून तेच त्यांनी मराठीत मांडवाला सांगितलं. एकदा बांध फुटला तसं सगळंच बाहेर आलं. मुलांना प्रश्न विचारता येत नव्हते, म्हणून तालमी घेतल्या. बाई धरणाच्या बाजूनं असतील असं मीच ठरवलं. बाईंनी तुमची गावं बुडवा असं कधी म्हटलेलं नाही. संवाद लिहिणाऱ्याचं नाव निघालं तसा डोमा नकाशा बाजूला सारून पुढं आला आणि त्यानं मांडवाला वाकून नमस्कार केला. त्यालाही टाळ्या पडल्या!

बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "ठीक. पण मग धरणाची बाजू कोण घेणार? कोणीतरी घ्यायला हवी."

कोणी उठेना. सरांना वाटलं, संपलं, आता आभार माना आणि मला घरी जाऊ द्या. तर पोचू उठला. त्याला काही कोणी लिहून दिलेलं नव्हतं. तो म्हणाला, "मी घेतो. तलाव तलाव करून राह्यले सारे, पन आमच्या गावच्या तलावाची पाळ फुटली तवा आमचं घर वाहून गेलं. माही बहीन गेली. तवा हे टाळ्या वाजवनारे कुठी होते?"

आणि मग काय विचारता! मंगरू उठला, पाळ फुटली कारण तुमच्या गावानं गाळच काढला नाही म्हणाला. पोचू म्हणाला, गाळ काढायचा हुकूम कोणाचा, गावाच्या मालक मालगुजाराचा की मासेवाल्याचा? सोनीबाईंनी बसल्या जागेवरून बाईंना विचारलं की धरण झालं तर धुणं कुठी धुवाचं? काठी आपटणारा म्हातारा आपल्याच पुतण्याशी भांडायला लागला. सर मधे उभे राहून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत होते. आता एक शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून जीव टाकत होते. आभार मानायचे राहूनच गेले. उन्हं कलली तेव्हा लोक भांडतभांडतच छकड्यांत बसले.

घरी सर जेवले नाहीत. "कुंते, गेली नोकरी," म्हणाले. कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. सोमाजीभाऊ येऊन सांगून गेले की अजूनही मुदतीचा ताप आणता येतो, नोकरीवरून काढायला माणूस शुद्धीवर लागतो.

मंडळाची बैठक झाली तेव्हा सर कॉलेजच्या व्हरांड्यात उभे होते. आतून आवाज येत होते. कोणी म्हणे, या माणसानं अब्रू घालवली. कोणी म्हणे, आपल्या विद्यार्थिनीनं गुरूला भर सभेत खोटं पाडलं, आता शिस्त कुठं राहिली? सरांनी मनातल्या मनात बांधावरची जागा सुद्धा निवडली. मग प्राचार्यांचा आवाज आला. होल्मबाई निघताना त्यांना म्हणाल्या होत्या की पुढच्या वर्षी मोहुर्ल्यांनी आमच्या विद्यापीठात येऊन माझ्यासोबत वर्ग घ्यावा, माझे विद्यार्थीही त्यांना असंच खोटं पाडतील, फार आनंदानं पाडतील.

मग अध्यक्ष मुखरूजींचा घोगरा आवाज. "म्हंजे आपला मानूस डेन्मार्कले जाईन?"

"बोलावणं तरी आहे."

"अन् तो तात्पुरता हाये? देवस्थळी साहेब, परदेशात तात्पुरता मानूस पाठवतं काय कोनी? लोक काय म्हनतीन आपल्याले? करा त्याले कायम!"

इतकंच! चार वर्षांत जे शिकवण्यानं झालं नाही, ते खोटं पकडलं गेल्यानं झालं. सर घरी धावतच गेले. कुंताबाई रडल्या, हसल्या, मग पुन्हा रडल्या आणि सोनीबाईंकडे सांगायला गेल्या. सरांना रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, छाती काढून मोहुर्लेसर वर्गात शिरले. कायम झालेला माणूस चालतो तसे चालले. टिपणं उघडली आणि वाचू लागले, "वैनगंगा नदी सातपुड्याच्या पठारावर उगम पावते आणि..."

लेखण्यांचा आवाज येईना. त्यांनी वर पाहिलं. पोचूचा हात वर होता. मंगरूचा हात वर होता. जो कधी मान सुद्धा डोलवत नसे त्या मागच्या पोराचाही वर होता. रंभानं तर कोपर बाकावर टेकवून हात ताठ धरला होता.

"सर, तुम्ही तो उगम स्वतः पाह्यला काय?" रंभानं विचारलं.

सरांनी रंभाकडे पाहिलं, मग त्या वर केलेल्या हातांकडे. ते अजून पस्तिशीचेही नव्हते, निवृत्तीला उभा जन्म बाकी होता आणि दर जूनमध्ये नव्या पोरांचा नवा वर्ग यायचा होता. आपल्याला नेमकं कशात कायम केलंय ते त्यांना आत्ता कुठे उमगलं. त्यांनी टिपणं मिटली, रुमालानं कपाळ पुसलं, "नाही पाहिला" म्हणाले, आणि मंगरूकडे वळले.

"हं, तू विचार."